निगेटिव्हवरचा हात

नोव्हेंबरची नऊ तारीख, रविवार. काम: एका चित्राच्या पंचवीस प्रिंट्सवर पेन्सिलीनं क्रमांक घालणं, सही करणं आणि प्रत्येक दोन प्रिंट्सच्या मध्ये एक बटर पेपर ठेवणं.

ऐकायला सोपं वाटतं. पण या प्रिंट्स कापसाच्या जाड कागदावर असतात आणि बोटाचा डाग त्यावर लगेच उमटतो. म्हणून जेवणाच्या टेबलावर धुतलेली चादर घातली होती, हात दोनदा साबणानं धुतले होते आणि नवऱ्याला दुपारपर्यंत टेबलाच्या आसपास फिरकायचं नाही अशी ताकीद दिली होती. तो पेपर आणि चहाचा कप घेऊन पुढच्या दारात जाऊन बसला. डाव्या कोपऱ्यात क्रमांक, उजव्या कोपऱ्यात सही. लग्नपत्रिकांवर पत्ते लिहावेत तसं. फरक इतकाच की इथं चुकलं तर खोडता येत नाही, रबरानं कागदाचे तंतू उठतात.

अकरा प्रिंट्स झाल्या आणि बटर पेपर संपला.

आधी हे सांगायला हवं की मी करत काय होते. सव्वीस वर्षं मी इंदूरच्या एका हिंदी दैनिकात संपादकीय पानासाठी चित्रं काढली. व्यंगचित्रं नव्हेत. हा खुलासा मला अजून प्रत्येक लग्नात करावा लागतो. पाण्यावर, शाळांवर, बाजारभावावर लेख असतो, त्याच्या शेजारी दोन कॉलमांत एक काळंपांढरं चित्र असतं, आणि ते बघून वाचणारा क्षणभर थांबतो. ते चित्र माझं. सकाळी अकराला लेख हातात यायचा, एक वाजता चित्र द्यायचं. संपादकीय पान सगळ्यांत आधी तयार व्हायचं, चार वाजता त्याची छपाईची प्लेट मशीनवर लागायची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पानावर ठेवून कुणीतरी पोहे खायचं. मला त्यात कधी काही वाईट वाटलं नाही.

आता तीच चित्रं लोक काचेत घालून दिवाणखान्यात लावतात. दोन वर्षांपूर्वी मी नोकरी सोडली, तेव्हा पलासियाकडे छोटं कलादालन चालवणारी एक मुलगी घरी आली, माझी ट्रंक उपसून बसली आणि म्हणाली, “मॅम, हे सगळं तुम्ही रद्दीसारखं ठेवलंय!” मी म्हटलं, रद्दीच होती. पेपरकडून परवानगीचं पत्र तिनंच आणलं, प्रिंट्स काढून देणारा स्टुडिओ तिनंच शोधला. तिच्यामुळे माझ्या रद्दीला भिंती मिळाल्या, हे मी विसरत नाही.

या पंचवीस प्रिंट्स ज्या चित्राच्या होत्या, ते माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षातलं. परदेशीपुऱ्याकडच्या गिरण्या बंद झाल्यावर तिथल्या माणसांचं काय झालं, अशा लेखासोबतचं. कुलूप घातलेलं फाटक, फाटकाचे गज वर जाता जाता मागाचे धागे होतात. समोर पाठमोरा कामगार, पायाशी जेवणाचा डबा, आणि एक हात गजावर. तो हात. जो कुणी चित्र बघतो तो हाताशी थांबतो. बोटं अशी आवळलेली आहेत की माणसाचं तोंड दिसायची गरजच राहत नाही. चित्र छापून आलं त्या दिवशी संपादकांनी बोलावून सांगितलं होतं, “हाथ तो गजब बनाया है आपने.” कलादालनातल्या मुलीनं प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेवर नुसता तो हातच छापला होता.

तर बटर पेपर संपला. ट्रंकेत तळाशी जुने ट्रेसिंग पेपर असतील, तेच कापून वापरू म्हणून मी ट्रंक उघडली. ट्रेसिंग पेपर होते, आणि त्यांच्यामध्ये दबून या चित्राची मूळ प्रत होती. ती हरवली असंच मी धरून चालले होते. म्हणून तर स्टुडिओला मूळ चित्राऐवजी त्याची निगेटिव्ह दिली होती. आमच्या काळी चित्राचा मोठ्या कॅमेऱ्यावर फोटो निघायचा, त्या फिल्मवरून प्लेट व्हायची. ही निगेटिव्ह माझ्याकडे होती ती उस्तादांमुळे.

उस्ताद म्हणजे आमच्या प्रोसेस विभागातले मुख्य कारागीर. सगळं ऑफिस त्यांना उस्ताद म्हणायचं, त्यामुळे मीही. इंदूरजवळच्या महूचे मराठी, त्यांचे आजोबा फौजेत होते. उस्ताद रोज बसनं इंदूरला यायचे. काचेखाली दिवे लावलेल्या टेबलावर निगेटिव्ह पसरून ते दिवसभर वाकलेले असायचे. धूळ, ओरखडे, डाग, सगळं काढून फिल्म स्वच्छ करायची, हे त्यांचं काम. पुढे थेट कॉम्प्युटरवरून प्लेट निघायला लागली आणि विभाग बंद झाला. जुन्या फिल्म त्यांच्यातली चांदी काढणाऱ्याला जायच्या होत्या, त्या आधी उस्तादांनी माझ्या चित्रांच्या साठेक निगेटिव्ह वेगळ्या काढून पाकिटात घातल्या आणि माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. “ताई, घरी न्या. इथं राहिल्या तर वितळतील.” त्यांना नंतर स्टोअरमध्ये बसवलं. तिथूनच ते निवृत्त झाले.

मी मूळ चित्र प्रिंटशेजारी ठेवलं, नुसतं बघावं म्हणून.

मूळ चित्रात हात गजावर नुसता टेकलेला होता.

आता यात एक धंद्याची गोष्ट आहे. वर्तमानपत्राचा कागद स्याही पितो, रेघ छापल्यावर फुगते. म्हणून आम्ही जिथं दोन रेघा मिळायच्या तिथं केसाएवढी फट सोडायचो. कागद ती फट आपोआप भरून काढतो. नवीन होते तेव्हा मला हे कुणी शिकवलं नाही, काळे गोळे छापून आल्यावर शिकले. त्या हातावरही मी अशाच फटी सोडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पेपरात हात आवळलेला दिसला तेव्हा मी समजले, फटी भरल्या आणि मूठ वळली. कागदानं काम केलं. इतकी वर्षं मी हेच समजत आले.

पण निगेटिव्हनं वर्तमानपत्राचा कागद बघितलेलाच नसतो. आणि ही प्रिंट निगेटिव्हवरून निघाली होती.

पाकिटातून निगेटिव्ह काढली, खिडकीला धरली, भिंग लावलं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळी रेघ पारदर्शक दिसते. फिल्मच्या काळ्या भागावर कुणी सुईनं खरवडलं तर छापताना त्या जागी काळी रेघ येते. माझ्या पेनच्या रेघांच्या कडा जरा मऊ होत्या. हातावरच्या काही रेघांच्या कडा मात्र धारदार होत्या. बोटांच्या पेरांवर चार, अंगठ्याखाली दोन, मनगटाच्या शिरेची एक. सात. आणि फिल्मच्या कडेला, छापायच्या भागाच्या बाहेर, दोन उभ्या रेघा आणि एक टिंब. ही उस्तादांची खूण. कुठली फिल्म कुणी केली ते प्लेटवाल्यांना कळावं म्हणून प्रत्येक कारागीर अशी खूण कडेला करायचा. ती कधीच छापली जायची नाही.

मी चहा केला, प्यायले, आणि परत बघितलं. सातच होत्या.

प्रत्येक प्रिंटबरोबर एक प्रमाणपत्र जातं. त्यावर छापलेलं होतं: हे रेखाटन संपूर्णपणे कलाकाराच्या स्वतःच्या हातचं आहे. खाली माझी सही. मंगळवारी प्रिंट्स कलादालनाकडे जाणार होत्या. एकदा सही झाली की तो हात कायमचा माझा, आणि ज्यानं तो वळवला त्याचं नाव कुठंच नाही.

नवऱ्याला दाखवलं. त्यानं चष्मा वर करून दोन्ही चित्रं बघितली.

“मग आता? किती वर्षं झाली. कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय.”

“तुझ्याशिवाय म्हणतोय.”

“उस्तादांना तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”

तो गाडीची किल्ली घेऊन आला. अशा वेळी तो बरा असतो.

निघण्याआधी कलादालनातल्या मुलीला फोन करून सात रेघांचं सांगितलं.

“मॅम, ते चित्र इन्व्हिटेशनवर गेलंय!”

“चित्र काढ म्हणत नाही मी. सर्टिफिकेट बदल म्हणते.”

“पण मग बायर विचारणार, किती तुमचं आणि किती त्यांचं.”

“सांग, सात रेघा त्यांच्या. बाकी माझ्या.”

“मॅम, असं कुणी मोजत नाही.”

“मी मोजल्यात.”

मग ती म्हणाली, “ठीक आहे, पण संध्याकाळपर्यंत फायनल सांगा. प्लीज.” तिच्या जागी मी असते तर इतकंही ऐकून घेतलं नसतं.

महूला पोचलो तेव्हा उस्ताद अंगणात खुर्ची टाकून गॅसच्या बर्नरची भोकं सुईनं साफ करत बसले होते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. पण सुई बरोबर भोकात जात होती.

“या ताई, या! आज सूरज किधरून निघाला?” मग आत बायकोला हाक, “अगं, चाय ठेव, ताई आल्या. भियाजीपण आहेत.” भियाजी म्हणजे माझा नवरा.

त्यांची नात बाहेर आली. सिमरोलच्या कॉलेजात शिकते, रविवारी घरी येते. तिनं स्टुलं मांडली. मी वेळ न घालवता मूळ चित्र, निगेटिव्ह आणि प्रिंट त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी बर्नर खाली ठेवला, हात लुंगीला पुसले, परत पुसले आणि प्रिंट नाकापासून चार बोटांवर धरली.

“कागद भारी आहे,” ते म्हणाले.

“कागदाचं राहू द्या. हात बघा.”

“बघितला.”

“कुणाचा?”

“चित्र तुमचं आहे, ताई.”

“मी हात विचारतेय.”

त्यांनी प्रिंट हळूच स्टुलावर ठेवली. “चार वाजता प्लेट लागणार होती. तुम्ही चित्र देऊन घरी गेल्या होत्या, तुमच्या बेबीला बुखार होता त्या दिवशी. विचारणार कुणाला?”

“म्हणून?”

“म्हणून काय. फाटक बंद असलं तर कोणी असा हात नाही ठेवत, ताई. पकडतो. तुमचा माणूस तर बसची वाट बघत उभा होता.”

माझा नवरा मोठ्यानं हसला. मी त्याच्याकडे बघितलं, तरी हसत राहिला.

“मग मला सांगायचं नाही?”

“सांगणारच होतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही पेपर घेऊन आल्या, इतक्या खूश! बोलल्या, उस्ताद, बघा, कागदानं काय काम केलंय. मी काय बोलणार? मी बोललो, हो ताई, कागद बढिया आला होता या वेळी.”

हे मला आठवलं. अगदी याच शब्दांत. मी त्यावर कागदाविषयी आणखी दहा मिनिटं बोलले होते आणि त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं होतं.

नातीनं निगेटिव्ह उचलली. मोबाइलचा स्क्रीन पांढरा केला, त्यावर फिल्म ठेवली आणि माझं भिंग लावून बघू लागली.

“मतलब आजोबा, तुम्ही ड्रॉइंग करत होता? आम्हाला तर वाटायचं तुम्ही प्रेसमध्ये मशीन चालवत होता.”

“ड्रॉइंग ताई करायच्या. मी खराबी काढायचो.”

“मग घरात काहीच कसं नाही? एखादा पेपर तरी ठेवायचा.”

“कशाला? त्याच्यात माझं काय दिसणार होतं?”

ते सहज बोलले. पण मला एकदम कळलं की वीस-बावीस वर्षं या माणसानं असं काम केलं की ते नीट झालं तर दिसतच नाही. घरच्यांनासुद्धा दाखवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. इंदूरला जाऊन ते करत काय होते, हे नातीला आज कळत होतं, तेही माझा बटर पेपर संपला म्हणून.

मी म्हटलं, “उस्ताद, प्रिंटवर माझ्या सहीशेजारी तुमची सही पाहिजे.”

“नाही, नाही. ताई, हे नाही.”

“का?”

“माझं काम दिसलं तर ते खराब काम. पोरांना मी हेच शिकवलं. आता म्हातारपणी पुढं येऊन सही करू? लोक चित्र बघणार की सुईच्या रेघा शोधत बसणार?”

“लोक तो हात माझा समजतात. मी इतकी वर्षं त्याची तारीफ घेतली.”

“तर घेतली. एक गोष्ट सांगू? त्याच्यानंतर तुमच्या एकाही हाताला मी सुई नाही लावली. लावायला तयार बसायचो. गरजच नाही पडली.”

ते खरं होतं. तो छापून आलेला हात मी कापून टेबलासमोर चिकटवला होता. पुढे जेव्हा जेव्हा हात काढायचा आला, कुदळीवरचा, खडूवरचा, बटणावरचा, तेव्हा त्या कात्रणाकडे बघून काढला. माझे हात चांगले असतात असं लोक म्हणतात. मी समजत होते की मी स्वतःच्याच चित्रावरून शिकले. शिकले ती यांच्याकडून, आणि शिकवणाऱ्यानं कधी चकार शब्द काढला नाही. मी त्यांना तसं सांगितलं, सरळ. आभार मानायला मला लांबलचक वाक्यं येत नाहीत.

“बस, ताई,” ते म्हणाले आणि बर्नर परत उचलला. पण सुई काही भोकात घातली नाही.

नात अजून फिल्मवर वाकलेली होती. “कडेला हे काय आहे? दोन लाइन आणि डॉट?”

“माझी खूण.”

“मग प्रिंटवर का नाही?”

“स्टुडिओवाल्यानं कडा कापल्या,” मी म्हटलं. “छापायचा भाग तेवढाच ठेवला.”

“पण कापायलाच पाहिजे असं आहे का? पूर्ण फिल्म घ्या ना. मार्जिनसकट.”

उस्ताद आणि मी एकदम तिच्याकडे बघितलं. आयुष्य वर्तमानपत्रात काढलेली दोन माणसं. कड कापायचीच असते, यापलीकडे आमचं डोकं गेलंच नव्हतं.

“मार्जिन चालेल,” उस्ताद सावकाश म्हणाले. “तिथं तर मी होतोच.”

“आणि मागच्या बाजूला मी तुमचं नाव लिहिणार. सात रेघा कुणाच्या ते. सर्टिफिकेटवरही तेच.”

“मागे?”

“मागे. भिंतीकडे असतं ते.”

त्यांनी जरा विचार केला. “मागे चालेल. पण नाव पूर्ण लिहा, वडिलांच्या नावासकट. हजेरीच्या रजिस्टरात होतं तसं.”

चहा झाला. काकूंनी शेवेची पिशवी हातात दिली, ती नको म्हणून उपयोग नसतो. निघताना नात फिल्म परत द्यायला फाटकापर्यंत आली आणि तिनं विचारलं, “मी याचा फोटो काढून माझ्या फ्रेंड्सना दाखवू शकते?” मी म्हटलं, दाखव, पण फिल्मवर बोट लावू नकोस.

संध्याकाळी कलादालनातल्या मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “ओह, फुल फिल्म, मार्जिनसकट? मॅम, ते तर मस्त रॉ दिसेल. सर्टिफिकेटचं मी बघते.” तिला आवडायचं कारण वेगळं, माझं वेगळं. काम एकच होणार होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

सोमवारी सकाळी स्टुडिओचं शटर वर जायच्या आधीच मी तिथं उभी होते. पूर्ण फिल्म स्कॅन करायला लावली, कडेच्या कापायच्या खुणांसकट. ऑपरेटर दोनदा म्हणाला, “मॅडम, इसको क्रॉप कर दूँ?” दोनदा नाही म्हटलं. पहिली प्रिंट बाहेर आली, वाळेपर्यंत थांबले. डाव्या कडेला, अगदी खाली, दोन उभ्या रेघा आणि टिंब. त्याला धक्का न लावता वर क्रमांक घातला, एक छेद पंचवीस, आणि उजवीकडे सही केली. मग उलटी करून मागं लिहिलं की हाताच्या सात रेघा निगेटिव्हवर सुईनं कुणी काढल्या. पूर्ण नाव, रजिस्टरात होतं तसं. जुन्या पंचवीस प्रिंट्स तिथल्याच कटरवर चार-चार तुकडे करून घेतल्या. मागची बाजू कोरी आहे, हातांचा सराव करायला वर्षभर पुरतील.

एक नंबरची प्रिंट मी कलादालनाला दिली नाही. ती घेऊन तशीच फ्रेमवाल्याकडे गेले आणि सांगितलं, महूला द्यायची आहे, काच चांगली लाव, आणि ही कड पूर्ण दिसली पाहिजे, पट्टीखाली एक सूतही जाता कामा नये. तो म्हणाला, हो मॅडम, संध्याकाळी या. मी म्हटलं, नाही, मी इथंच थांबते, आणि त्याच्या दुकानातलं स्टूल ओढून बसले.